कोथरूडहून लॅपटॉप घेऊन निघताना: कामासाठी कॅफे कसा शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमच्या घरात सासू-सासऱ्यांसह राहता, काम लंडनच्या टीमबरोबर आणि पूर्ण घरून. आठवड्यातले दोन-तीन दिवस बाहेर बसून काम करावंसं वाटतं. जवळपास चांगले, शक्यतो इथल्याच माणसांनी चालवलेले कॅफे कसे शोधायचे, त्यांच्या वायफायवर विसंबायचं का आणि दिवसाला किती खर्च धरायचा?

मी तांत्रिक लेखन करते आणि गेली बरीच वर्षं त्यातलं निम्मंअधिक काम पुण्यातल्या कॅफेंमध्ये बसून झालेलं आहे. मला बहुतेक जण नावंच विचारतात. नावांची यादी देण्यात मला अर्थ वाटत नाही. पुण्यात कॅफे लवकर बदलतात. चालवणारा बदलतो, गाद्यांच्या खुर्च्या जाऊन उंच स्टुलं येतात, प्रभात रस्त्यावरचा बंगलाच पाडून तिथे इमारत उभी राहते. पण त्याहून मोठं कारण असं की एकच कॅफे सकाळी दहाला कामासाठी उत्तम असतो आणि दुपारी दीडला तिथे स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून मी आधी कॅफेची रिकामी वेळ बघते आणि ती माझ्या कामाच्या वेळेशी जुळली, तरच बाकीच्या गोष्टींचा विचार करते.

तुमच्या बाबतीत हा हिशेब सरळ आहे. उन्हाळी वेळापत्रकात लंडन आपल्यामागे साडेचार तास असतं. तिकडचे नऊ म्हणजे आपले दीड. म्हणजे दुपारी दीडपर्यंत तुम्हाला कोणी हाक मारणार नाही, आणि दीडनंतर मीटिंगा सुरू होणार. आता कॅफेचा दिवस बघा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊपासून साधारण बारा-साडेबारापर्यंत बहुतेक कॅफे अर्धे रिकामे असतात. साडेबारा ते अडीच जेवणाची गर्दी. अडीच ते साडेचार पुन्हा शांतता. पाचनंतर कॉलेजची मुलं, मग ऑफिस सुटलेली माणसं. शनिवार-रविवारी तर सकाळच्या नाश्त्यापासूनच रांग. तुमचं एकाग्रतेचं काम सकाळी आहे आणि कॅफेही सकाळीच मोकळा आहे. अमेरिकेच्या टीमबरोबर संध्याकाळी सात ते अकरा काम करणाऱ्यांना मी कॅफेचा नाद सोडायला सांगते. तुमचं मात्र छान जुळतंय. नऊ-सव्वानऊला पोचा, साडेबाराला उठा, जेवायला घरी जा, मीटिंगा घरून करा.

साडेबाराला उठायचं, यावर मी इतका भर का देते? कॅफे चालवणाऱ्याच्या बाजूने एकदा आकडे मांडून बघा. समजा, चार खुर्च्यांच्या टेबलावर तुम्ही एकट्या बसलात, १८० रुपयांची एक कॉफी घेतली आणि चार तास काढलेत. त्या टेबलाने तासाला ४५ रुपये कमावले. त्याच टेबलावर दुपारी चार जण जेवायला बसले, तर बिल हजार-बाराशेचं होतं आणि अडीचपर्यंत तशा दोन पंगती उठतात. सकाळी दहाला ते टेबल रिकामंच राहणार असतं, त्यामुळे तुमचे १८० रुपये म्हणजे वरकड कमाई. शिवाय रस्त्यावरून बघणाऱ्याला आत माणूस बसलेला दिसतो, तेही दुकानाला हवंच असतं. दुपारी एकला मात्र तुम्ही त्याचं नुकसान करत असता. लॅपटॉपवाल्यांबद्दलचा राग जवळजवळ सगळा या दोन तासांतला आहे. सकाळी आलेला लॅपटॉपवाला कोणालाच खुपत नाही.

जाता जाता एक गोष्ट. कॅफे आणि इंटरनेट यांची जोडी आपल्याकडे नवी नाही. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर निघालं ते इंटरनेट कॅफे म्हणूनच. तिथे कॉफीबरोबर वेळही विकली जात होती आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक होतं. आजच्या कॅफेत वेळेची किंमत बिलावर छापलेली नसते, पण भाडं, एसी आणि पोरांचे पगार यांतून ती रोज मोजली जात असते. ती आपण आपल्या मनाने ठरवून द्यायची असते. किती द्यायची, ते पुढे सांगते.

आता शोध. नकाशावर कॅफे शोधताना चांदण्यांकडे बघू नका. साडेचार चांदण्या चीजकेकला मिळालेल्या असतात. तीन गोष्टी बघा. पहिली, गर्दीच्या वेळांचा आलेख. मंगळवार-बुधवारच्या सकाळचे खांब बुटके असतील, तर तो कॅफे तुमच्या कामाचा. दुसरी, गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो. मालकाने टाकलेले नव्हेत. त्यात खाण्याच्या ताटल्यांच्या मागे बघायचं. भिंतीला प्लग दिसतात का, टेबलं जेवणाच्या उंचीची आहेत की सोफ्यापुढची बुटकी, कुठल्या तरी कोपऱ्यात कोणाचा लॅपटॉप उघडा आहे का. तिसरी, परीक्षणं नव्यापासून जुन्याकडे लावून त्यांत ‘वायफाय’, ‘प्लग’, ‘लॅपटॉप’ हे शब्द शोधायचे. ‘लॅपटॉप बंद करायला सांगितला’ अशी तक्रार दिसली, तर ती किती वाजताची आहे ते वाचा. रविवारी दुपारची असेल, तर मी ती तक्रार धरतच नाही.

अशी चार-पाच नावं निघाली की प्रत्येक ठिकाणी एकदा लॅपटॉप न नेता जायचं. ही फेरी बहुतेक जण टाळतात आणि मग पहिल्याच दिवशी डेडलाइनचं काम घेऊन अनोळखी जागी जाऊन बसतात. ज्या वेळी तुम्ही काम करणार, त्याच वेळी जा. एक कॉफी घ्या, अर्धा-पाऊण तास बसा. टेबलाची उंची खुर्चीत बसून, त्यावर हात ठेवून बघा. काम करण्याजोगं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, सोफ्यापुढचं ४५ च्या आसपास. बुटक्या टेबलावर तासभर बरं वाटतं, तिसऱ्या तासाला मान आणि कंबर बोलायला लागतात. डोक्यावर स्पीकर आहे का बघा. ग्राइंडर कुठे आहे बघा, कारण दूध वाफवण्याचा आणि बिया दळण्याचा आवाज काउंटरपासून दोन-तीन टेबलांपर्यंत चांगलाच पोचतो. बाकी कॅफेची गुणगुण कामाला पोषक असते हा माझा अनुभव आहे, आणि त्याला आधारही आहे. रवी मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ मधल्या संशोधनात ७० डेसिबलच्या आसपासच्या आवाजात लोकांना कल्पक उत्तरं ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा जास्त सुचली, आणि ८५ डेसिबलला कल्पकता पुन्हा घटली. फोनवरच्या एखाद्या साध्या आवाजमापक ॲपने अंदाज घेता येतो. मात्र मुद्रितशोधन किंवा आकडेमोड असेल, तर मला शांतताच लागते. ती कामं मी घरी पहाटे करते.

स्वच्छतागृह बघूनच या. याबद्दल कोणी मोकळेपणाने लिहीत नाही, पण बाईमाणसाला एखाद्या ठिकाणी तीन तास बसायचं तर कॉफीच्या आधी हेच बघावं लागतं. दाराला कडी आहे का, पाणी आहे का, की खाली पार्किंगमधून वळसा घालून इमारतीच्या सामायिक संडासाकडे जावं लागतं? कॉफी कितीही सुंदर असली, तरी तिथे गैरसोय असेल तर आपण पाणीच कमी पितो आणि दुपारी डोकं धरतं. अशी जागा मी यादीतून काढून टाकते.

निघताना काउंटरवर सरळ विचारा: “सकाळी लॅपटॉप घेऊन बसलं तर चालतं का? कुठल्या वेळी नको?” हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. त्याने समोरच्याला कळतं की तुम्हाला त्यांच्या धंद्याची कल्पना आहे. छोट्या कॅफेत काउंटरमागे बहुधा मालक किंवा मालकीणच असते आणि ती मनापासून सांगते: एक वाजता गर्दी होते, शनिवारी नको, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसा, तिथे प्लग आहे. पुढची ओळख या वाक्यापासून सुरू होते.

आणखी एक प्रश्न पुण्यात विचारावाच लागतो: लाइट गेली तर काय चालू राहतं? महावितरणची देखभालीची कामं आपल्याकडे बहुतेक गुरुवारी निघतात आणि मग सकाळचे काही तास वीज नसते. जनित्र असलेल्या मोठ्या इमारतीत काही जाणवत नाही. छोट्या कॅफेत इन्व्हर्टर असतो. त्यावर दिवे, पंखे आणि राउटर चालतात, पण दोन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारं, एस्प्रेसो मशीन ३ ते ४ किलोवॅट खेचतं, ते त्यावर चालत नाही. अशा वेळी गॅसवर पाणी तापवून पोर-ओव्हर किंवा फ्रेंच प्रेस अशी हाताने केलेली कॉफी देणारे कॅफे मी पाहिलेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तुमच्या भागातल्या नियोजित बंदची सूचना नोंदवलेल्या मोबाइलवर संदेशाने येते; कॅफेच्या भागाची सूचना मात्र त्यांनाच विचारावी लागते. गुरुवारी मी बॅटरी पूर्ण भरूनच निघते, आणि शक्य असेल तर गुरुवार घरचाच ठेवते.

आता वायफाय. विसंबू नका, पण वापरा. पाटीवर ‘१०० एमबीपीएस’ लिहिलेलं असतं तो डाउनलोडचा आकडा असतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो. व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात. अडतं ते अपलोडपाशी आणि थांबून-थांबून चालण्यापाशी. म्हणून त्या पहिल्या फेरीत फोनवर वेग तपासताना अपलोडचा आकडा आणि पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघा. पिंग १०० मिलिसेकंदांच्या खाली आणि स्थिर असेल तर बोलणं तुटत नाही. एकाच राउटरची दोन नावं दिसत असतील, तर ५ गिगाहर्ट्झचं घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या सगळ्या दुकानांची गर्दी असते आणि एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच. शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. ब्राउनी गरम होते तेव्हाच आपला कॉल अडखळतो, तो योगायोग नसतो.

मोठ्या साखळी दुकानांत वायफायला मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवावी असा दूरसंचार खात्याचा नियम आहे, म्हणून ते. तिथे कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग, चालू असेल तर ते ओटीपीचं पान उघडतच नाही. आधी व्हीपीएन बंद करून आत शिरा, मग लगेच सुरू करा. आणि स्वतःचा हॉटस्पॉट नेहमी तयार ठेवा. एक तासाच्या व्हिडिओ कॉलला साधारण एक जीबी जातं, गटाच्या कॉलला त्याहून जास्त. दीड-दोन जीबी रोजचा पॅक त्यात संपून जातो, तेव्हा पॅक त्या हिशेबाने घ्या. कोथरूड-एरंडवण्यात बरेच कॅफे इमारतीच्या अर्ध्या तळघरात किंवा जुन्या पार्किंगच्या जागी आहेत. तिथे आत शिरल्यावर मोबाइलला रेंज राहते का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

सुरक्षिततेबद्दल लोक वायफायलाच घाबरतात. कंपनीचं व्हीपीएन असेल तर त्या बाजूने फारशी काळजी नाही. खरी गळती आपल्या तोंडून होते. शेजारच्या टेबलावरून मी किती तरी कंपन्यांची नावं, कोणाला काढणार आहेत, कोणता करार कितीला गेला, हे सगळं न विचारता ऐकलेलं आहे. पुणं लहान आहे, शेजारी बसलेला माणूस त्याच क्षेत्रातला निघायला वेळ लागत नाही. पाठ भिंतीला लागेल अशी जागा घ्या म्हणजे लॅपटॉपचा पडदा मागून दिसत नाही. पाच-सात मिनिटांपेक्षा मोठा कॉल आत बसून घेऊ नका; ओटा, व्हरांडा, बाहेरचा फुटपाथ चालेल. कानात इयरफोन असले तरी आपण नेहमीपेक्षा मोठ्यानेच बोलत असतो. आणि उठून जाताना लॅपटॉप टेबलावर एकटा सोडायचा नाही. काउंटरवर सांगून, तिथे ठेवून जायचं.

परिसराचं सांगते. कोथरूडमध्ये मुख्य कर्वे रस्ता आणि पौड रस्त्यावरच्या दुकानांपेक्षा आतल्या गल्ल्या धरा: मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, कर्वेनगरकडचा भाग. रस्त्याचा गोंगाट कमी, मालक भेटण्याची शक्यता जास्त. एमआयटीच्या बाजूला कॉलेजचं वेळापत्रक बघूनच जा. परीक्षेच्या आधी मुलं तिथे सकाळपासून गटाने अभ्यासाला बसतात. कोथरूडच्या पुढे एरंडवणे, लॉ कॉलेज रस्ता, भांडारकर रस्ता आणि प्रभात रस्त्याच्या नंबरांच्या गल्ल्या हा माझा सगळ्यात आवडता भाग. जुन्या बंगल्यांत उघडलेले कॅफे तिथे अजून टिकून आहेत. झाडाखाली, अंगणात बसायला मिळतं. फेब्रुवारीपासून मात्र अकरानंतर पडद्यावर ऊन येतं, आणि पावसाळ्यात व्हरांड्याच्या खुर्च्या ओल्या असतात, तेव्हा आत किती टेबलं आहेत ते बघून ठेवा. गाडी नेऊ नका, या गल्ल्यांतून टोइंगचा ट्रक फिरत असतो. वनाजपासूनची मेट्रो वापरा. नळ स्टॉप किंवा गरवारे कॉलेजला उतरून चालत जाता येतं. मार्च २०२४ पासून तीच मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते, त्यामुळे बंडगार्डन स्थानकाला उतरून कोरेगाव पार्क किंवा पुढे कल्याणीनगर गाठणंही कोथरूडकरांना सोपं झालंय. तिकडे स्वतः बिया भाजून कॉफी करणारे बरेच आहेत. पण जाऊन-येऊन सकाळ संपते, तेव्हा महिन्यातून एखाद्या दिवसासाठी ठीक.

वैशाली, रूपाली, गुडलक या जुन्या हॉटेलांची नावं कोणी ना कोणी तुम्हाला सुचवेलच. मी तिथे आवडीने जाते, पण लॅपटॉप घेऊन नाही. १९३५ पासून चालू असलेल्या गुडलकमध्ये बन-मस्का आणि चहा घेऊन उठायचं असतं. मागे माणसं उभी असतात. वैशालीत टेबलासाठी बाहेर नाव लिहून थांबावं लागतं. या जागांचा सगळा डौल त्या लगबगीत आहे. कामाला निघण्याआधी उडप्याकडे उभ्या-उभ्या फिल्टर कॉफी घ्या, मग पुढे जा.

साखळी दुकानांबद्दल माझं मत लोकांना वाटतं तितकं कडक नाही. प्लग, स्वच्छतागृह, लांब वेळ, आणि कोणी उठवत नाही, या चार गोष्टी तिथे खात्रीने मिळतात. नवीन भागात अडचणीच्या दिवशी मी तिथेच जाते. फक्त तिथे ओळख होत नाही. पोरं सहा महिन्यांत बदलतात. तुम्ही स्थानिक कॅफे विचारलात ते मला आवडलं, कारण ओळखीचा फायदा कामालाही होतो. नेहमीच्या कॅफेत मी गेले की ग्राइंडरजवळचं टेबल मला कोणी देत नाही आणि गाण्याचा आवाज न सांगता कमी होतो.

आता पैसे. छोट्या स्थानिक कॅफेत कॅपुचिनो साधारण १२० ते १८० रुपये, विशेष भाजणीच्या कॉफीच्या दुकानांत २०० ते २८०, वर पाच टक्के जीएसटी. माझा नियम दर दीड-दोन तासांना काहीतरी मागवण्याचा आहे, आणि त्यातलं एक खाण्याचं. सकाळच्या तीन तासांना दोन पदार्थ, म्हणजे २५० ते ४०० रुपये. आठवड्यातून दोन दिवस धरले तर महिन्याला दोन ते सव्वातीन हजार. सेवा शुल्क आपोआप बिलात लावू नये अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ते लावलेलं दिसलं तर काढून घ्या आणि त्याऐवजी टेबल पुसणाऱ्या, पाणी भरणाऱ्या पोराच्या हातात पैसे द्या. सगळ्या सकाळभर तोच तुमची सेवा करत असतो. पाण्याची बाटली स्वतःची चालेल, डबा मात्र कॅफेत उघडायचा नाही.

महिन्याला चार-पाच हजारांच्या वर खर्च जायला लागला किंवा रोज दोन-तीन तास कॉल असतील, तर सहकार्यालयात, म्हणजे को-वर्किंगच्या जागेत, खुर्ची घेणं स्वस्त आणि सभ्य. आणि नुसती शांतता व खुर्ची हवी असेल, तर सदाशिव पेठेतल्या, स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी असलेल्या अभ्यासिकांचा विचार करा. महिन्याच्या फीमध्ये ठरलेली जागा मिळते, काही ठिकाणी लॅपटॉपलाही परवानगी असते. फोनवर बोलता येत नाही, इतकंच.

सुरुवात अशी करा. दोन कॅफे पक्के करा, एक चालत जाण्याजोगा आणि एक मेट्रोवरचा. मंगळवार एकाला, शुक्रवार दुसऱ्याला द्या. एकाच ठिकाणी रोज गेलात तर त्यांनाही जड जातं आणि तुम्हालाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनचं घड्याळ तासभर मागे जातं आणि तुमच्या मीटिंगा दीडऐवजी अडीचला सुरू होतात. मोकळा झालेला तो तास कॅफेत घालवू नका, तो नेमका जेवणाच्या गर्दीचा असतो. उठायची वेळ साडेबाराच ठेवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळं पुन्हा पूर्ववत होतं.